मायापुरी, २०१०: परवान्याच्या बाहेर राहिलेला कामगार

७ एप्रिल २०१० रोजी दिल्लीतील इंद्रप्रस्थ अपोलो रुग्णालयातून अणुऊर्जा नियामक मंडळाला निरोप आला की, किरणोत्सर्गाची बाधा झाल्यासारखी लक्षणे असलेला एक रुग्ण दाखल झाला आहे. हा रुग्ण अणुवीज केंद्रात, क्ष-किरण विभागात किंवा औद्योगिक रेडिओग्राफीच्या कंपनीत काम करणारा नव्हता. पश्चिम दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात त्याचे दुकान होते. मंडळाचे अधिकारी मोजणीची उपकरणे घेऊन त्या बाजारात शिरले, तेव्हा वापरातून गेलेल्या लोखंडाच्या आणि शिशाच्या ढिगांमध्ये किरणोत्सर्गाची पातळी धोकादायक असल्याचे दिसून आले. हा किरणोत्सर्ग कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूच्या स्रोतातून येत होता. भाभा अणुसंशोधन केंद्राचे आणि नरोरा अणुवीज केंद्राचे तज्ज्ञ आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान यांनी पुढील काही दिवस परिसर रिकामा करून, ढिगारे तपासून स्रोताचे तुकडे शोधून काढले. एकूण अकरा तुकडे झाले होते. आठ मूळ गोदामात होते, दोन शेजारच्या दुकानात पोचले होते आणि सर्वांत लहान तुकडा एका दुकानदाराने पैशांच्या पाकिटात ठेवला होता. आठ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि त्यांपैकी एका कामगाराचा त्याच महिन्यात मृत्यू झाला. आंतरराष्ट्रीय अणुघटना मोजपट्टीच्या सात पायऱ्यांपैकी चौथ्या पायरीवर या घटनेची नोंद झाली.

ही घटना बहुतेक वेळा निष्काळजीपणाची कथा म्हणून सांगितली जाते, आणि निष्काळजीपणा झाला होताच. परंतु कामाच्या ठिकाणच्या किरणोत्सर्ग संरक्षणाचा कायदा भारतात कसा घडत गेला, हे समजून घ्यायचे असेल तर मायापुरीपेक्षा बोलके प्रकरण माझ्या तरी नजरेसमोर नाही. त्या वर्षी देशात कायदा होता, नियम होते, नियामक होता, शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेवर मर्यादा होत्या आणि आंतरराष्ट्रीय करारावर सहीसुद्धा होती. तरीही जो माणूस कामाच्या जागी, कामाच्या वेळेत, मजुरीसाठी केलेल्या कामामुळे दगावला, तो या सगळ्या रचनेत कामगार म्हणून कोठेच बसत नव्हता. या लेखात त्याच पोकळीचा शोध घेतला आहे.

यंत्र जागेवर, कायदा पुढे

तुकड्यांचा माग काढत पोलीस आणि नियामक दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागापर्यंत पोचले. विभागाने १९६८ मध्ये कॅनडाच्या अणुऊर्जा कंपनीकडून ‘गॅमासेल २२०’ नावाचे विकिरण यंत्र घेतले होते. काही टन वजनाच्या या यंत्रात जाड शिशाच्या कवचाआड कोबाल्ट-६० च्या पेन्सिलींचे, म्हणजे बारीक सळ्यांचे, कडे असते. रासायनिक नमुना एका कप्प्यात ठेवून तो कप्पा त्या कड्याच्या मध्यभागी उतरवायचा आणि गॅमा किरणांचा नमुन्यावर होणारा परिणाम अभ्यासायचा, अशी त्याची रीत आहे. कवच शाबूत असेपर्यंत शेजारी उभे राहून काम करता येते, आणि कवच उघडल्यावर तेच यंत्र जीव घेऊ शकते. १९८५ नंतर ते वापरात नव्हते. २६ फेब्रुवारी २०१० रोजी विद्यापीठाने त्याचा इतर जुन्या सामानासोबत लिलाव केला, आणि मायापुरीच्या भंगार व्यापाऱ्याने ते शिशासाठी व पोलादासाठी उचलले.

१९६८ ते २०१० या बेचाळीस वर्षांत यंत्र एकाच संस्थेच्या ताब्यात होते, आणि त्याच्याभोवती कायद्याचे एकेक आवरण चढत गेले. खरेदी झाली तेव्हा अणुऊर्जा अधिनियम, १९६२ अस्तित्वात होता. त्याच्या कलम १६ नुसार किरणोत्सर्गी पदार्थांचे उत्पादन, ताबा, वापर आणि विक्रीने किंवा अन्य मार्गाने होणारे हस्तांतरण यांवर केंद्र सरकारला निर्बंध घालता येत होते, आणि कलम १७ मध्ये सुरक्षिततेसाठी नियम करण्याची तरतूद होती. परंतु ते नियम तेव्हा झालेले नव्हते. किरणोत्सर्ग संरक्षण नियम १९७१ मध्ये, म्हणजे यंत्र आल्यानंतर तीन वर्षांनी आले. किरणोत्सर्गी पदार्थ हाताळणाऱ्या संस्थेने परवानगी घ्यावी, सुरक्षा अधिकारी नेमावा, कामगारांना मिळणाऱ्या मात्रेची नोंद ठेवावी, ही चौकट त्या नियमांनी घातली. अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ रोजी झाली, तेव्हा यंत्र पंधरा वर्षांचे होते. दोन वर्षांनी ते बंद पडले. किरणोत्सर्गी कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे नियम १९८७ मध्ये आले, म्हणजे यंत्र वापरातून गेल्यावर आणखी दोन वर्षांनी. आणि १९७१ च्या नियमांची जागा घेणारे, परवाना, मालक, सुरक्षा अधिकारी व कामगार यांची कर्तव्ये तपशीलवार मांडणारे अणुऊर्जा (किरणोत्सर्ग संरक्षण) नियम २००४ मध्ये आले, तेव्हा यंत्र एकोणीस वर्षे निकामी होते आणि ज्यांनी ते वापरले होते त्या पिढीतले अनेक जण निवृत्तीच्या वयाला आले असतील.

हा क्रम मी मुद्दाम सविस्तर दिला आहे. प्रत्येक नवा नियम त्या यंत्राला लागू होता. जुने आहे म्हणून त्याला सूट नव्हती. पण प्रत्येक नियम अमलात येण्याचा रस्ता अर्जातून जात होता. संस्थेने वापरासाठी अर्ज करायचा, मग परवाना मिळायचा, मग तपासणी व्हायची, मग कर्तव्ये सुरू व्हायची. वापर थांबलेल्या यंत्रासाठी कोणी अर्ज करत नाही. नवी पेन्सिल मागवायची नसते, नवा विद्यार्थी प्रशिक्षणाला पाठवायचा नसतो, अंगावरच्या मात्रामापक बिल्ल्याची मोजणी करून घ्यायची नसते. नियामकाशी संबंध येण्याचे सगळे प्रसंग वापराशी जोडलेले असल्यामुळे वापर संपताच यंत्र नियामकाच्या नजरेतून उतरले आणि उरले ते फक्त विभागाच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये.

लिलावाचा दिवस

सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत ज्यांनी काम केले आहे त्यांना जुने सामान निकाली काढण्याची पद्धत ठाऊक असते. विभाग यादी करतो, समिती वस्तू पाहते, घसारा वजा जाता किंमत लावली जाते, निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू हिशेबातून काढून टाकण्याचा, ठराव होतो आणि लिलाव पुकारला जातो. या कार्यपद्धतीत वस्तूची नोंद तिच्या नावाने, खरेदीच्या वर्षाने आणि किमतीने होते. आत काय आहे, याचा रकाना तिच्यात नसतो. खुर्च्या, कपाटे, मोडके तराजू आणि गॅमासेल यांच्यात हिशेबाच्या दृष्टीने फरक नसतो. अणुऊर्जा अधिनियम आणि भांडार नियमावली या दोन स्वतंत्र व्यवस्था एकाच खोलीतल्या एकाच वस्तूवर लागू होत्या, आणि पहिली काय म्हणते हे दुसरीला माहीत नव्हते. मला विचाराल तर कायद्यातले मोठे भगदाड येथे होते. कलम १६ हस्तांतरणावर निर्बंध घालू देत होते, पण भांडारपालाच्या टेबलावरच्या कागदात त्या कलमाचा मागमूस नव्हता.

किरणोत्सर्गाबद्दलचा एक गैरसमजही येथे नोंदवला पाहिजे. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल, म्हणजे सक्रियता निम्मी होण्याचा काळ, ५.२७ वर्षांचा आहे, म्हणजे बेचाळीस वर्षांत सुमारे आठ अर्धायुकाल उलटतात आणि सक्रियता मूळच्या सुमारे अडीचशेव्या भागापर्यंत उतरते. जुना स्रोत आता निवला असेल, असे रसायनशास्त्र शिकलेल्या माणसालाही सहज वाटू शकते. पण विकिरण यंत्रातील स्रोत मुळातच इतका तीव्र असतो की त्याचा अडीचशेवा भागदेखील उघड्यावर, हाताच्या अंतरावर, घातक ठरतो. त्यात अंतराचा नियम असा की अंतर निम्मे केले तर मात्रा चौपट होते. पाकिटातला तुकडा सर्वांत लहान होता, पण तो अंगाला चिकटून होता.

इशाऱ्याच्या चिन्हाचे काय? पिवळ्या पार्श्वभूमीवरचे तीन पात्यांचे चिन्ह नियमांनुसार बंधनकारक होते. ते चिन्ह ज्यांना शिकवले जाते त्यांनाच कळते. न शिकलेल्या माणसाला त्यात पंखा दिसतो. ही अडचण जगाने मायापुरीच्या आधीच अनुभवली होती. ब्राझीलमधील गोयानिया शहरात १९८७ मध्ये बंद पडलेल्या दवाखान्यातील सिझियम-१३७ चा स्रोत भंगारात गेला आणि चार जणांचा जीव गेला. २४९ जण दूषित झाल्याचे आढळले. थायलंडमधील समुत प्राकान येथे २००० साली कोबाल्ट-६० चा उपचारयंत्रातील स्रोत भंगाराच्या वखारीत उघडला गेला आणि तिघे दगावले. या अनुभवांनंतर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि आंतरराष्ट्रीय मानक संघटना यांनी २००७ मध्ये लाल रंगाचे नवे पूरक चिन्ह जाहीर केले. त्यात किरण, कवटी आणि पळणारा माणूस अशी चित्रे आहेत, आणि ते यंत्राच्या बाहेर नव्हे तर स्रोताजवळ, म्हणजे कोणी यंत्र खोलू लागला की दिसेल अशा जागी लावायचे असते. अक्षरओळख नसलेल्या माणसासाठी तयार झालेले हे चिन्ह १९६८ च्या यंत्रावर असण्याचा प्रश्नच नव्हता.

कायद्याचा कामगार कोण

किरणोत्सर्ग संरक्षणाच्या विचाराला सुरुवात झाली ती किरणांशी जाणूनबुजून काम करणाऱ्यांपासून. १९२८ मध्ये स्टॉकहोम येथे क्ष-किरण व रेडियम संरक्षणाची आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली ती क्ष-किरणतज्ज्ञांच्या भाजलेल्या बोटांमुळे आणि रेडियम हाताळणाऱ्या परिचारिकांच्या काळजीपोटी. हीच समिती १९५० मध्ये नव्या नावाने उभी राहिली आणि आज जगातले बहुतेक देश तिच्या शिफारशींवर आपले नियम बेततात. अमेरिकेत न्यू जर्सीतील ऑरेंज येथे घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग लावणाऱ्या मुली ब्रशचे टोक ओठांनी टोकदार करत आणि त्यातून रेडियम त्यांच्या हाडांत जाई. त्यांच्यापैकी पाच जणींच्या दाव्यात १९२८ मध्ये तडजोड झाली, आणि १९४१ मध्ये कामगाराच्या शरीरातील रेडियमची मर्यादा ०.१ मायक्रोग्रॅम ठरवण्यात आली. त्या मुलींना धोका ठाऊक नव्हता, पण त्यांचा कारखाना ठाऊक होता, मालक ठाऊक होता आणि मस्टरवर त्यांचे नाव होते. कायद्याला पाय रोवायला तेवढे पुरे झाले.

भारतीय नियम याच परंपरेतले आहेत आणि आपल्या कक्षेत ते चांगलेच कडक आहेत. वर उल्लेखलेल्या आंतरराष्ट्रीय समितीच्या १९९० च्या शिफारशींनुसार किरणोत्सर्गाशी काम करणाऱ्या कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (मात्रा मोजण्याचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात जास्तीत जास्त ५० मिलिसिव्हर्ट मात्रा चालते. आपल्या मंडळाने एका वर्षाची मर्यादा ३० मिलिसिव्हर्टवर आणली. सर्वसामान्य माणसासाठी मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. कामगाराच्या छातीवर मिळालेली मात्रा नोंदवणारा टीएलडी बिल्ला असतो, तो ठरावीक मुदतीने मोजणीला जातो, त्याच्या मात्रेची नोंद राहते, वैद्यकीय तपासणी होते आणि संस्थेत किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी असतो. मुंबईत ट्रॉम्ब्याला किंवा एखाद्या कर्करोग रुग्णालयात काम करणाऱ्या माणसाला ही व्यवस्था रोजची आहे, आणि ती काम करते.

पण ही सगळी साखळी परवान्याच्या टोकाला बांधलेली आहे. परवाना असेल तर परवानाधारक, परवानाधारक असेल तर मालक, मालक असेल तर कामगार. मायापुरीच्या गोदामाला किरणोत्सर्गाचा परवाना नव्हता, असण्याचे कारणही नव्हते. त्यामुळे छिन्नी-हातोड्याने शिशाचे कवच उघडणारा मजूर नियमांच्या नजरेत ‘सर्वसामान्य जनतेतील एक’ ठरला. कागदावर त्याची मर्यादा सर्वांत सुरक्षित, १ मिलिसिव्हर्ट होती, आणि ती मोजणारे उपकरण, ती सांगणारा अधिकारी किंवा ती पाळण्याची जबाबदारी असलेला मालक यांपैकी काहीही त्याच्यापाशी नव्हते.

कामगार कायद्यांच्या बाजूने पाहिले तर चित्र किंचित वेगळे, पण तितकेच अपुरे दिसते. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत रेडियम, अन्य किरणोत्सर्गी पदार्थ व क्ष-किरण यांच्यामुळे होणाऱ्या विकारांचा अधिसूचित रोगांमध्ये समावेश होता. मात्र भंगाराचा छोटा गाळा बहुतेकदा कामगारसंख्येच्या अटीमुळे ‘कारखाना’ या व्याख्येतच येत नसे. तेव्हाच्या, १९२३ च्या भरपाई कायद्याची रचना अधिक लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. योगायोग असा की २०१० च्या जानेवारीतच त्यातील ‘वर्कमन’ हा शब्द जाऊन ‘एम्प्लॉयी’ हा शब्द आला होता. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीच्या ‘ब’ भागात आयनीकारक किरणोत्सर्गामुळे होणारे रोग होते. ‘ब’ भागातील रोग व्यवसायजन्य मानला जाण्यासाठी कामगाराने त्या मालकाकडे, त्या प्रकारच्या कामात, सलग सहा महिने नोकरी केलेली असावी लागे. ही अट दीर्घकाळ थोडी थोडी मात्रा घेणाऱ्या रेडिओग्राफरसाठी रचलेली आहे. काही तासांत किंवा दिवसांत प्रचंड मात्रा घेणाऱ्या माणसाला तो रस्ता बंद होतो आणि त्याला कामावर झालेला अपघात म्हणूनच दावा मांडावा लागतो. त्यासाठी मालक कोण आणि रोजगाराचा पुरावा कोणता, हे दाखवावे लागते. भंगार बाजारात रोजंदारीवर काम करणाऱ्याकडे नेमके तेच नसते.

जबाबदारी आणि शिक्षा

मंडळाने विद्यापीठाला कारणे दाखवा नोटीस बजावली. याहून कठोर कारवाई करण्याची मंडळाची ताकद किती, हा प्रश्न मायापुरीने उघडा पाडला. मंडळ हे संसदेच्या स्वतंत्र कायद्याने निर्माण झालेले नव्हते. १९६२ च्या अधिनियमातील अधिकार सोपवण्याच्या तरतुदीचा आधार घेऊन सरकारी आदेशाने त्याची स्थापना झाली होती, आणि ज्या अणुऊर्जा आयोगाच्या कक्षेतील संस्थांवर देखरेख करायची त्याच आयोगाला ते जबाबदार होते. अधिनियमाखालील गुन्ह्यांवर अधिकृत व्यक्तीच्या लेखी तक्रारीखेरीज कारवाई सुरू होत नसे. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०१२ मध्ये मंडळाच्या कामकाजाचा जो अहवाल संसदेपुढे ठेवला, त्यात हे मुद्दे स्पष्ट शब्दांत आले: दंडाची रक्कम धाक बसावा इतकी नाही, दंड ठरवण्याचा अधिकार मंडळाला नाही, देशातील सर्व किरणोत्सर्गी स्रोतांची संपूर्ण यादी मंडळाकडे नाही, आणि वापर संपलेल्या स्रोतांची विल्हेवाट खरोखरच लागली की नाही हे पडताळण्याची पक्की व्यवस्था नाही. त्याच अहवालातला आणखी एक आकडा आरोग्यसेवेतील कामगारांच्या दृष्टीने गंभीर आहे. देशातील ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी अवघी ५,२७० नोंदणीकृत होती; उरलेल्या सुमारे ९१ टक्के केंद्रांत काम करणारे तंत्रज्ञ परवान्याच्या साखळीबाहेरच होते. भंगारातला मजूर हा अपवाद आहे, असे म्हणण्याची सोय या आकड्याने ठेवली नाही.

नंतर काय बदलले

यंत्रणा हलली, हे मान्य केले पाहिजे. विद्यापीठांना आणि संशोधन संस्थांना आपल्याकडील जुन्या स्रोतांची मोजदाद करून कळवण्यास सांगण्यात आले. परवान्यांचे आणि स्रोतांच्या नोंदींचे काम मंडळाने ‘ई-लोरा’ या संगणकीय प्रणालीवर नेले, ज्यामुळे स्रोताची खरेदी, ताबा, हस्तांतरण आणि परतपाठवणी एकाच ठिकाणी पाहता येऊ लागली. नियामकाला वैधानिक दर्जा देणारे अणुसुरक्षा नियामक प्राधिकरण विधेयक सप्टेंबर २०११ मध्ये लोकसभेत मांडले गेले. त्यामागे मायापुरीपेक्षा त्याच वर्षी मार्चमध्ये झालेल्या फुकुशिमाच्या दुर्घटनेचा रेटा अधिक होता. २०१४ मध्ये पंधराव्या लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक मंजुरीविना व्यपगत झाले.

या सुधारणांचा रोख स्रोतावर आहे आणि तो योग्यच आहे, कारण स्रोत भंगारात पोचलाच नाही तर पुढचे काही घडत नाही. परंतु ज्या दिवशी एखादा स्रोत तरीही पोचेल, त्या दिवशी समोर उभ्या असलेल्या मजुराचे कायद्यातले स्थान २०१० मध्ये होते तेच राहिले. हे स्थान बदलण्यासाठी कायदेशीर आधार शोधायला दूर जावे लागत नाही. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा किरणोत्सर्ग संरक्षणाचा ११५ क्रमांकाचा करार १९६० चा आहे आणि भारताने तो १९७५ मध्ये स्वीकारला आहे. त्याचा आठवा अनुच्छेद किरणोत्सर्गाच्या कामात थेट नसलेल्या, पण किरणोत्सर्गाची बाधा होऊ शकेल अशा ठिकाणी असणाऱ्या कामगारांसाठीही मर्यादा ठरवायला सांगतो, आणि नववा अनुच्छेद धोक्याचा इशारा देण्याची व कामगारांना आवश्यक माहिती देण्याची अपेक्षा करतो. धातूचा भंगार खरेदी करणाऱ्या मोठ्या वखारीच्या दारात साधा गॅमा मापक बसवणे, लाल चिन्हाची पाटी हिंदीत आणि चित्रात लावणे, संशयास्पद जड शिशाची वस्तू आली तर ती न फोडता कोणाला फोन करायचा हे मुकादमाला शिकवणे, आणि भरपाईच्या अनुसूचीतील सहा महिन्यांची अट तीव्र बाधेच्या प्रकरणात शिथिल करणे, एवढ्या गोष्टी त्या दोन अनुच्छेदांच्या आवाक्यात सहज बसतात. मायापुरीच्या गोदामात मार्च महिन्यात कवच उघडले गेले तेव्हा त्या कराराला भारताची मान्यता मिळून चौतीस वर्षे उलटली होती.